उसातले वीस मीटर

“एक्याऐंशी मीटर,” कर्नलसाहेब म्हणाले आणि यंत्र डोळ्याला तसंच लावून हसले. “हातात थरथरलं बघा. खांब पकडला की हे आपण होऊन सांगतं. घ्या भालेराव, तुम्ही बघा.”

भालेराव सरांनी चष्मा कपाळावर चढवला, यंत्र आधी उलटं धरलं, मग सुलटं केलं आणि मैदानाच्या टोकाला असलेल्या ध्वजस्तंभावर रोखलं. “एक्याऐंशी,” तेही म्हणाले आणि तोंडी परीक्षेत पास झाल्यासारखे खूश झाले. मग त्यांनी यंत्र माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला नाही.

गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. खैरवाडीला आमचं बिबट उपचार केंद्र होतं. विहिरीत पडलेला, फासात अडकलेला, उसात जखमी होऊन दडलेला बिबट्या बेशुद्ध करून आणायचा, बरा करायचा आणि सोडायचा, हे आमचं काम. कर्नल दिनकर सबनीस संस्थेचे अध्यक्ष, भालेराव सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक सचिव, आणि मी, डॉ. शलाका टिळेकर, पशुवैद्य. वय एकतीस, नोकरी कंत्राटी, तोंड फटकळ. खरेदी समितीत मी ‘तांत्रिक सदस्य’ होते. तांत्रिक सदस्याच्या सहीशिवाय कुठलंही उपकरण घ्यायचं नाही, हा नियम कर्नलसाहेबांनीच केलेला. तो आपल्याच अंगावर येईल असं त्यांना वाटलं नसावं.

त्या दिवशी घ्यायचा होता रेंजफाइंडर. बिबट्याला बेशुद्धीचा डार्ट मारायचा तर आधी अंतर कळावं लागतं. जितकं अंतर, त्या हिशेबानं बंदुकीत हवेचा दाब भरायचा. दाब जास्त झाला तर डार्ट जनावराचं हाड मोडतो. कमी झाला तर तो वाटेतच पडतो, आणि समोर असतो शुद्धीवरचा, चवताळलेला बिबट्या. रेंजफाइंडर हे काम सोपं करतो. बटण दाबलं की किरण जातो, आपटून परत येतो आणि भिंगात आकडा दिसतो.

पुण्याहून आलेल्या केळशीकरांनी टेबलावर तीन खोकी मांडली होती. एक यंत्र विटेइतकं जड होतं, ते पहिल्या पाच मिनिटांत बाद झालं. दुसरं गोल्फवाल्यांचं. त्याच बनावटीचं एक कर्नलसाहेबांकडे बारा वर्षं होतं आणि त्यांच्या मते ते बारा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. तिसऱ्या यंत्राच्या खोक्यावर एका शिंगाळ्या हरणाचं चित्र होतं, आणि हरणाच्या बरोबर खांद्यावर लाल फुली.

“हे उचला आधी टेबलावरनं,” कर्नलसाहेब म्हणाले.

“सर, ते शिकारी लोकांसाठीचं आहे, पण काम तेच...” केळशीकर म्हणाले.

“तेच म्हणतोय मी. वन्यजीव संस्थेच्या कपाटात शिकारीचं यंत्र? उद्या एखादा पत्रकार आला आणि त्यानं हे खोकं पाहिलं, तर काय छापेल? बिबट्या वाचवणाऱ्यांच्या घरी हरणाच्या छातीवर नेम?”

यावर हसण्यासारखं काही नव्हतं, कारण त्यांना ते मनापासून लागत होतं. त्यांच्या आजोबांनी मारलेल्या जनावरांची शिंगं एकेकाळी त्यांच्या दिवाणखान्यात होती. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवली होती आणि हे केंद्र उभं केलं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या म्हणण्याला कुणी ‘नाही’ म्हणालं की त्याला ते कानांनी ऐकूच येत नसे.

“केळशीकर,” मी विचारलं, “या दोन्हींत फरक काय, तेवढं सांगा.”

केळशीकर सरळ माणूस होता. तो म्हणाला, “मॅडम, गोल्फमध्ये झेंडा मोकळ्यावर उभा असतो आणि त्याच्या मागे झाडं. म्हणून ते यंत्र जी वस्तू सगळ्यात जवळ असेल तिचंच अंतर धरतं, मागचं सोडून देतं. शिकारीत उलटं. जनावर मागे आणि गवत, फांद्या पुढे. म्हणून हे यंत्र पुढचं सोडतं आणि सगळ्यात लांबचं धरतं.”

“आणि आमचा बिबट्या कुठे असतो? मोकळ्यावर की गवतात?”

“केळशीकर, तुम्ही विकायला आलात की शिकवायला?” कर्नलसाहेबांनी मध्येच विचारलं. केळशीकरांनी रुमाल काढून स्वच्छ असलेलं भिंग पुन्हा पुसायला घेतलं.

भालेराव सरांनी तोवर इतिवृत्तात सुरेख अक्षरात लिहून टाकलं होतं: विषय क्रमांक चार, क्रमांक दोनचे यंत्र सर्वानुमते पसंत. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

“सही करा, डॉक्टर.”

“नाही करत.”

भालेराव सरांनी वही तशीच धरून ठेवली. खालच्या आवाजात ते म्हणाले, “अहो, पाचवा विषय वाचलात ना? तुमची मुदतवाढ आहे. चौथ्यात कशाला अडता?”

“वाचलाय. पाचव्यासाठी चौथ्यावर सही करायची असेल तर दोन्ही राहू द्या.”

“काय हरकत आहे ते ऐकू तरी द्या,” कर्नलसाहेब खुर्चीत मागे रेलले. “मैदानात दोघांनी बघितलं. दोघांचा आकडा एक आला.”

“मैदानात बिबट्या बसत नाही, साहेब. हेच यंत्र उसात बघा आणि मग मला सही मागा.”

“यंत्राला ऊस काय आणि मैदान काय? तुम्ही त्या तळपेची बाजू घ्यायला हे सगळं करताय, हे काय मला कळत नाही?”

नाव निघालं ते बरंच झालं. निघेपर्यंत मीच दाबून धरलं होतं.

गेणू तळपे आमच्या पथकातला डार्ट मारणारा. वय पंचावन्नच्या आसपास, आदिवासी वाडीतला, अंगानं काटक. अठरा वर्षं त्यानं डोळ्याच्या अंदाजानं काम केलं होतं. त्या नोव्हेंबरात डोके नावाच्या शेतकऱ्याच्या उसात एक मादी सापडली. मागच्या पायात फासाची तार रुतलेली. ती सरीच्या आत, उसाच्या दोन ओळींमधल्या चरात, वाळल्या पाचटावर बसून होती. कर्नलसाहेबांनी आपलं गोल्फचं यंत्र पथकाला वापरायला दिलेलं होतं, ते गेणूभाऊंनी पहिल्यांदाच हातात घेतलं. यंत्रात तेरा दिसलं. तेराचा दाब भरला, डार्ट सोडला. मादी खरं तर बावीसवर होती; डार्ट तिच्या बराच अलीकडे मातीत घुसला आणि पुढच्या क्षणी ती गेणूभाऊंच्या अंगावर होती. त्यांनी गळा वाचवायला डावा हात पुढे केला, तो तिनं कोपरापासून फाडला आणि ती निघून गेली. मादी आठ दिवसांनी पिंजऱ्यात आली, तार निघाली, बरी झाली. गेणूभाऊंच्या हाताची दोन बोटं मात्र पुन्हा वाकली नाहीत.

अहवालात वाक्य गेलं: ‘कर्मचाऱ्याने अंतराचा नीट अंदाज न घेता घाईने डार्ट सोडल्यामुळे अपघात घडला.’ त्या एका वाक्यानं गेणूभाऊंना पथकातून काढून गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची आणि गेट उघडायचं. डोके यांच्या मळ्यापासून बाजारापर्यंत एकच बोली झाली, की म्हातारा बिबट्याला घाबरला. वाडीतल्या पोरांनी त्यांना पाहून डरकाळ्या फोडायला सुरुवात केली. हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. ते स्वतः कधी एक अक्षर बोलले नाहीत.

“होय,” मी म्हणाले, “त्यांचीच बाजू घेतेय. पण नुसती तोंडानं नाही. कंपाउंडला लागून ऊस आहे. सकाळी मी त्यात एक पोतं ठेवून आलेय. पाचट भरून, बिबट्याच्या छातीएवढं. चला, आणि तुम्ही स्वतः डार्ट मारा.”

“मी?”

“तुमचा हात थरथरत नाही, साहेब. तुम्ही घाबरतही नाही. पोत्याला कोण घाबरणार?”

भालेराव सरांच्या हातातलं पेन थांबलं. कर्नलसाहेब उठले आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. राष्ट्रीय पातळीवरची नेमबाजीची पदकं त्यांच्या कपाटात होती. असं आव्हान दिल्यावर त्यांना मागे हटणं शक्यच नव्हतं, आणि मी त्यावरच भिस्त ठेवली होती.

ऊस आठ महिन्यांचा, डोक्याच्या वर गेलेला. बांधावर उभं राहून सरीत पाहिलं की आत बोगद्यासारखी वाट दिसे, पण दोन्ही बाजूंची पानं वाकून एकमेकांत गेलेली. मध्ये ताटाएवढी फट होती आणि त्या फटीच्या पार टोकाला माझं पोतं. वारा बेताचा होता, पान हलत होतं आणि थांबत होतं. बिबट्या नेमका असाच दिसतो. अर्धा कान, एक पंजा, बाकी सगळी पानं.

बंदुकीत साधं पाणी भरलेला डार्ट घातला. कर्नलसाहेबांनी एक गुडघा टेकला, आपलं लाडकं यंत्र फटीवर धरलं आणि बटण दाबलं.

“बारा. थरथरलं. पक्कं बारा.”

“बाराचाच दाब भरते,” मी म्हणाले. “नेम मधोमध.”

“मला नेम शिकवू नका,” ते म्हणाले आणि त्यांचं बरोबर होतं.

त्यांनी श्वास धरला, चाप ओढला. फुस्स असा आवाज झाला. डार्ट फटीतून सरळ गेला, मग वाकला, आणि पोत्याच्या चांगला अलीकडे सरीच्या मातीत उभा राहिला. त्याची गुलाबी शेपटी आम्हा सगळ्यांना स्वच्छ दिसत होती. नोव्हेंबरात दुसऱ्या एका डार्टची शेपटी अशीच दिसली होती.

कर्नलसाहेबांनी पुन्हा यंत्र लावलं. पुन्हा बारा. ते दोन पावलं डावीकडे सरकले, तर नऊ. परत जागेवर आले, तर बारा. मग ते उठले, यंत्र केळशीकरांच्या हाती देऊन सरीत आत शिरले आणि चालत चालत एका वाकलेल्या पानापाशी थांबले. ते पान त्यांनी हातानं बाजूला धरलं.

“केळशीकर, आता बघा.”

केळशीकरांनी बघितलं. “आता चौदा, सर.”

“म्हणजे पुढचं पान.” कर्नलसाहेब स्वतःशीच म्हणाले. “हे गाढव पानं मोजतंय.”

मी गेटकडे पाहून हाक मारली. गेणूभाऊ वही मिटून, टोपी नीट करून सावकाश आले. डावा हात त्यांनी सवयीनं सदऱ्याच्या खिशात घातला होता. आले ते बांधावर माझ्या मागे उभे राहिले, कर्नलसाहेबांच्या समोर नाही.

“गेणूभाऊ, ते पोतं किती लांब असेल?”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पोत्याकडे. मग ते बांधाच्या कडेच्या ओळीकडे वळले आणि ओठ हलवत पाच-पाचनं काहीतरी मोजू लागले. मोजणं बरंच चाललं. भालेराव सरांनी घड्याळ पाहिलं, तरी ते थांबले नाहीत.

“तेहतीस बेटं,” ते शेवटी उसाच्या एकेका झुपक्याकडे बोट करत म्हणाले. “कांडी पुरून केलेली डोळ्याची लागण न्हाई ही, रोपाची हाय. दोन फुटाला एक बेट बसतंय. सासष्ट फूट झालं, बाई. तुमच्या मीटरात वीस.”

भालेराव सरांना कुठलीही गोष्ट पडताळल्याशिवाय लिहिता येत नसे. त्यांनी टेप मागवला आणि केळशीकरांना दुसरं टोक धरायला लावलं. वीस मीटर आणि वर काही बोटं. तोवर मी हरणाच्या चित्राचं खोकं उघडून तिसरं यंत्र फटीवर धरलं होतं. पानं हलत होती, यंत्र क्षणभर घुटमळलं, आणि मग आकडा उमटला. वीस.

कर्नलसाहेबांनी बंदूक पुढे केली. मी वीसचा दाब भरला, त्यांनी चाप ओढला. डार्ट पोत्याच्या बरोबर मध्यावर घुसला आणि त्यातली धूळ उडालेली इथवर दिसली.

हा माझा विजय होता. मी तिथेच थांबले असते तर चौथा विषय माझ्या बाजूनं लागला असता, पाचवाही लागला असता आणि चहा झाला असता. पण कर्नलसाहेब वळले ते गेणूभाऊंकडे.

“ठीक. यंत्र चुकलं, हे मी मान्य करतो. पण तळपे, तू? इथे उभा राहून तू बेटं मोजून वीस सांगितलंस. टेप लावायचीसुद्धा गरज नव्हती. मग त्या दिवशी मादी बावीसवर असताना तेराचा दाब का भरलास? तेरा आणि बावीस यांतला फरक तुला कळत नव्हता, असं मला सांगू नकोस. तुझी अठरा वर्षं कुठे गेली होती?”

प्रश्न रास्त होता, अगदी नेमका. मी तीन महिने ज्याला घाबरत होते तोच.

गेणूभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले, “चुकलंच मपलं, साहेब.”

“चुकलं म्हणजे घाई झाली ना? अहवालात तेच आहे. घाबरलास, यात लाज नाही, पण...”

“नाही,” मी म्हणाले.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

“ते घाबरले नव्हते आणि त्यांना घाईही नव्हती. यंत्रात तेरा दिसलं तेव्हा ते मला म्हणाले, ‘बाई, तेरा न्हाई वाटत. लांब हाय ती. जरा बेटं मोजू द्या.’ आणि मी म्हणाले, ‘गेणूभाऊ, डोळ्याचं सोडा आता. यंत्र खोटं बोलत नाही.’ ते थांबले. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ‘मारा.’ तेराचा दाब त्यांनी भरला नाही, साहेब. मी भरला. या हातांनी.”

केळशीकर कुठे बघावं ते न कळून टेप गुंडाळत राहिले.

“हे अहवालात का नाही?” कर्नलसाहेबांनी विचारलं.

“कारण अहवाल मी लिहिला.”

खाली सही माझीही होती, पण संस्थेत तो अहवाल ‘घटना अहवाल’ म्हणून गेला आणि कुणी लिहिला हे कुणी विचारलं नाही. दवाखान्यात गेणूभाऊंच्या खाटेशेजारी बसून, मांडीवर फाईल ठेवून मी तो दुपारी लिहिला होता. माझं कंत्राट तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं होतं. पेन त्या वाक्याशी आलं आणि मी मनाशी म्हणाले की चाप त्यांनी ओढला हे तर खरंच आहे. मग मी ‘घाईने’ हा शब्द लिहिला. गेणूभाऊ डोळे मिटून पडले होते. संध्याकाळी त्यांना कागद दिला आणि म्हणाले, ‘इथे सही करा, भाऊ, विम्यासाठी लागते.’ त्यांनी उजव्या हातानं केली.

मला लाज वाटत होती, आणि ती लाज मी तीन महिने कर्नलसाहेबांवरच्या रागात लपवत होते. त्यांच्या यंत्रावर मी रागावले, खोक्यावरच्या हरणावर ते रागावले म्हणून त्यांच्यावर रागावले. ते सगळं खरंही होतं. पण त्याच्या तळाशी माझं अक्षर होतं.

“तुम्हाला कळतंय ना, डॉक्टर, तुम्ही काय बोलताय?” कर्नलसाहेब हळू म्हणाले. “पाचवा विषय अजून व्हायचाय.”

“कळतंय. तो तुम्ही काय करायचा ते करा. मी माझ्या सहीचं बोलतेय. एक सही मी खोट्या वाक्याखाली केली. दुसरी अशा यंत्राखाली करणार नाही, ज्याच्यावर विसंबून उद्या दुसरा कुणी उसात हात गमावेल. हरणाचं चित्र नको असेल तर खोक्याला ब्राऊन पेपर लावा, मी स्वतः लावते. पण कपाटात येईल ते हेच यंत्र.”

भालेराव सर खाकरले. “हे... हे सगळं इतिवृत्तात घ्यायचं का?”

“घ्या. शब्दशः घ्या. ‘मारा’ हा शब्द माझा होता, तोही घ्या.”

भालेराव सर बांधावरच उकिडवे बसले, वही गुडघ्यावर घेतली आणि लिहू लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना खाडाखोड न करता लिहिताना तेव्हाच पाहिलं. लिहून झाल्यावर वही त्यांनी माझ्याकडे दिली. मी सही केली. चौथ्या विषयाखालीही केली, त्यांनी ‘क्रमांक दोन’ खोडून ‘क्रमांक तीन’ लिहिल्यावर.

कर्नलसाहेब सरीत गेले. मातीतला डार्ट उपटून, बोटांनी पुसून परत आले आणि गेणूभाऊंच्या पुढे उभे राहिले. त्या माणसाला मी हाताखालच्या माणसांशी कधीच बहुवचनात बोलताना ऐकलं नव्हतं.

“तळपे, मी तुमच्याबद्दल नको ते बोललो. गावातही बोललो. उद्यापासून तुम्ही गेटवर बसायचं नाही.”

“बरं,” गेणूभाऊ म्हणाले. बस्स, एवढंच.

पाचव्या विषयात मला मुदतवाढ मिळाली, सहा महिन्यांची, सोबत लेखी ताकीद. ती ताकीद माझ्याकडे अजून आहे. पदवीची प्रमाणपत्रं कुठे आहेत ते शोधावं लागतं, ही मात्र पहिल्याच कप्प्यात आहे. पुढे मी तिथे आणखी सात वर्षं काढली. पथकात एक रीत पडली, की आधी गेणूभाऊंनी बेटं मोजून आकडा सांगायचा आणि मग यंत्र बघायचं. दोन्ही जुळले नाहीत तर कुणीही, अगदी अध्यक्ष उभे असले तरी, दाब भरायचा नाही.

पण त्या दिवशी संध्याकाळी मी गेटवर गेले तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गेणूभाऊ आपल्या वहीत शेवटची नोंद करत होते: केळशीकर, पुणे, बाहेर, साडेपाच. अक्षर बारीक, देखणं. मी ते अक्षर बघत राहिले. तीन महिने रोज मी त्या गेटमधून जात-येत होते आणि ती वही मी एकदाही पाहिली नव्हती.

“तुम्हाला इतकं चांगलं लिहिता-वाचता येतं, भाऊ?”

“चवथी पास हाय मी.”

“मग त्या दिवशी दवाखान्यात... तो कागद...”

“वाचला की. सही करायच्या आधी वाचला. आन तुम्ही लिवत व्हत्या तव्हाबी मी काय झोपलो नव्हतो, बाई. नुसतं डोळं मिटलं व्हतं.”

“मग बोलला का नाहीत? घरी, पोरं तुम्हाला... कुणाला तरी सांगायचं. मला तरी शिव्या द्यायच्या.”

त्यांनी वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि न वाकणारी दोन बोटं दुसऱ्या हातानं चोळत, जरासं हसून म्हणाले,

“म्हणलं बघू, आपण होऊन कव्हा येतीया बाई. नव्वद दिस लागलं तुम्हाला. ती मादी आठ दिसांत आली व्हती पिंजऱ्यात.”